पिकअपचे नोझल : बदलण्याआधी तपासा

(चाकण परिसरातील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, गाड्यांचा मिस्त्री नव्हे. पण कांदा, बटाटा, भाजीपाला चाकणच्या बाजारात वेळेवर पोहोचला नाही, तर चांगले पीक येऊनही हाती काही लागत नाही. म्हणूनच पिकाच्या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न येतो, "सर, पिकअपला मोठे नोझल बसवले तर भरलेली गाडी घाटाला जोरात चढेल का?"

याचे उत्तर तुमच्या फवारणी पंपातच आहे. नोझलचे भोक झिजून मोठे झाले की औषध जास्त पडते, पण थेंब जाड होऊन पानावरून ओघळतात. नव्या नोझलपेक्षा प्रवाह १० टक्क्यांहून अधिक वाढला की ते बदलावे, असे आम्ही सांगतो. इंजेक्टरही डिझेलचा बारीक फवाराच करतो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे १४.५ किलो हवा लागते. मोठ्या नोझलने डिझेल वाढते. हवा मात्र तेवढीच राहते. न जळलेल्या डिझेलचा काळा धूर होतो, काही डिझेल खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते आणि जास्त उष्णतेने पिस्टन जळण्याची भीती असते. सुरुवातीला जोर वाढल्यासारखा वाटतो, पण पुढे ऐन हंगामात इंजिन उघडावे लागते.

गाडी ओढत नसेल तर पुढील क्रमाने तपासणी करावी :

१. एअर फिल्टर पाहावा. तो धुळीने भरला की हवा कमी पडते.

२. डिझेल फिल्टरमध्ये साठलेले पाणी काढावे. मळक्या कॅनमधले डिझेल टाकीत ओतू नये.

३. टर्बो असल्यास त्याचा रबरी पाइप फाटला किंवा सैल झाला आहे का, ते पाहावे.

४. तरीही फरक न पडल्यास सर्व इंजेक्टर चाचणी यंत्रावर तपासून घ्यावेत. जुन्या गाड्यांत नोझल उघडण्याचा दाब, फवारा आणि गळती पाहतात. पिंपरी-चिंचवड जवळच असल्याने ही सोय आपल्याला दूर नाही.

५. बदलायचेच झाल्यास कंपनीने दिलेल्या क्रमांकाचेच नोझल घ्यावे आणि तांब्याचा वॉशर नवा टाकावा. कॉमन रेल गाड्यांत बहुधा नव्या इंजेक्टरचा कोड संगणकात भरावा लागतो.

एक धोका लक्षात ठेवा. पाठीवरच्या पंपात साधारण ३ बार दाब असतो. कॉमन रेलमध्ये तो १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. चालू इंजिनाचा पाइप सैल करून 'मिस' शोधण्याची जुनी पद्धत येथे जिवावर बेतेल. गळती हाताने चाचपू नका. ती धार कातडीत घुसली आणि जखम टाचणीएवढी दिसली, तरी ताबडतोब रुग्णालयात जावे.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. अशा डिझेल गाड्यांत काजळीची गाळणी असते. जादा धुराने ती लवकर तुंबते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई केली आहे.

आणि शेवटचे : गाडी घाटात दमते ती पुष्कळदा जादा भारामुळे. नोझल मोठे केले म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत. चार गोणी कमी भरा. माल आणि माणूस दोन्ही सुखरूप पोहोचतील.