शेळीने खाल्ली तरी चालेल अशी नाताळची सजावट

बसून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि भाकरी थापता थापता ऐकणाऱ्यांनाही.

आज मी नाताळात घर कसं सजवायचं यावर बोलणार आहे. गटातल्या कितीतरी जणींच्या घरी नाताळ नसतो, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला अजून सवय व्हायची आहे, नाताळ कुणालाच परका नाही. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं. आज राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, संगमनेर, शेवगाव या भागांत ख्रिस्ती घरं आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत तर सगळ्या धर्मांची माणसं भेटतात. आमच्या करंज्या-शंकरपाळ्या 25 डिसेंबरला तुमच्याकडे येतात आणि तुमच्या दिवाळीला आमच्याकडे. तेव्हा हे बोलणं सगळ्यांसाठीच आहे. जे सांगणार आहे ते दिवाळीला चालेल, हळदीकुंकवाला चालेल, लग्नाच्या मांडवालाही चालेल.

आधी माझीच एक चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी मी गटातून कर्ज काढून गाय घेतली. त्याच डिसेंबरात मुलीने हट्ट केला, की आई, आपल्याकडे पण शहरासारखी सजावट पाहिजे. मी बाजारातून प्लास्टिकचं झाड आणलं. चमचमत्या झिरमिळ्यांच्या माळा आणल्या, तारेवर गुंडाळलेले सोनेरी फुलोरे आणले. घर चकाकलं. जानेवारी लागला, झिरमिळ्या विटल्या, आणि मी सगळा कचरा सुपात भरून उकिरड्यावर टाकला. तो उकिरडा गोठ्यापासून वीस पावलांवर.

फाल्गुनात गाईने रवंथ करणं थांबवलं. पोट फुगलं, दूध आटलं. डॉक्टर आले, त्यांनी पोट उघडलं. आतून पिशव्या निघाल्या, दोरे निघाले, आणि माझ्या नाताळच्या झिरमिळ्या निघाल्या. रंग गेलेला, पण मी ओळखल्या. तारेचा एक तुकडाही होता. डॉक्टर म्हणाले, गाईला प्लास्टिक पचत नाही आणि ओकूनही टाकता येत नाही. पोटाच्या मोठ्या कप्प्यात ते साचत राहतं. तार तर त्याहून वाईट, ती पोटातून टोचत टोचत काळजापर्यंत जाते. तिसऱ्या दिवशी गाय गेली. कर्जाचे अकरा हप्ते बाकी होते. ते मी शेतमजुरी करून फेडले, आणि दर हप्त्याला ते सोनेरी फुलोरे डोळ्यांपुढे यायचे.

पुढच्या नाताळात मी काहीच लावणार नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सण का सोडतेस? जे जनावराच्या तोंडात गेलं तरी चालेल, तेच दारात लाव." तेव्हापासून आमच्या घरचा हा नियम आहे.

आता काय लावायचं ते सांगते.

डिसेंबरात आपल्या रानात काय असतं ते बघा. उसाला तुरे आलेले असतात. शेतकऱ्याला तुरा नको असतो, कारण तुरा आला की उसाची वाढ थांबते. पण दिसायला तो किती देखणा! रुपेरी, मऊ, उन्हात धरला तर कापसासारखा उजळतो. शहरात असलेच तुरे दुकानातून विकत आणून फुलदाणीत ठेवतात. आपण बांधावर उभं राहून मालकाला विचारलं की झालं. पाच-सात तुरे कळशीत उभे केले की कोपरा भरून जातो. फक्त तुऱ्याची म्हातारी उडते, म्हणून चुलीपासून आणि पिठाच्या डब्यापासून लांब ठेवा.

बाजरी काढतानाच चांगली भरलेली दहा-वीस कणसं बाजूला काढायची. आता उशीर झाला असेल तर शेजारणीकडे मागा, कुणाच्या तरी आढ्याला सापडतील. पाच-पाच कणसांची जुडी करून, दांडे वर आणि कणीस खाली असं सुतळीने किंवा केळीच्या सोपटाने बांधायचं आणि दाराच्या चौकटीवर तोरण टांगायचं. पूर्वी ओसरीत चिमण्यांसाठी कणसं टांगत, आठवतं का? तेच. नाताळच्या सकाळी चिमण्या तोरणावर बसल्या तर हाकलू नका.

शेवगाव-पाथर्डीकडच्या बायांना कापूस सांगायला नको. उमललेल्या बोंडांची एखादी पऱ्हाटीची फांदी कोपऱ्यात उभी केली की तीच सजावट. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण सगळे झाडावर बर्फ दाखवायला कापूस चिकटवतात. आपल्याकडे तर तो झाडालाच लागलेला आहे! मात्र ताजी फवारणी झालेल्या रानातली फांदी घरात आणू नका.

झाडाचं विचाराल, तर गावाकडे पुष्कळ ठिकाणी सुरूची फांदी आणतात. नाताळचं झाड मुळात जर्मन लोकांचं. तिकडे बर्फात सगळी झाडं उघडी पडतात तेव्हा सूचिपर्णी तेवढी हिरवी राहते, म्हणून त्यांनी ती घरात आणली. आपल्याकडे डिसेंबरात रान उघडं पडत नाही, ज्वारी निसवत असते. मग आपण का ओढाताण करायची? मी बाभळीची फांदी आणते. हसू नका. गावठी बाभळीची फांदी, पांढऱ्या लांब काट्यांची. वेडी बाभूळ नको, तिचा काटा लागला तर जखम चिघळते. तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून फांदी रोवायची आणि एकेका काट्यावर ज्वारीची एकेक लाही खोचायची. मुलांना बसवा या कामाला, पण मोठी मुलं, आणि खाली घोंगडी अंथरून. म्हणजे पडलेला काटा पायात जाणार नाही. संध्याकाळपर्यंत फांदी फुललेली दिसते. तांबडा रंग हवा असेल तर मधूनमधून पिकलेली बोरं खोचा. दोन दिवसांत बाभळीची पानं झडतात, ती शेळीला. मागे राहतात पांढरे काटे आणि पांढऱ्या लाह्या, ते तर आणखीच छान दिसतं.

पहिल्या वर्षी मुलगी नाराज होती. "आई, हे गावंढळ दिसतं," म्हणाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग नगरहून तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी आल्या आणि लाह्यांच्या झाडापाशी उभ्या राहून फोटो काढत बसल्या. तेव्हापासून झाडाचं काम तिच्याकडे आहे, मला हातसुद्धा लावू देत नाही.

चांदणी सासूबाईंकडून शिकले. तुरीच्या काड्या किंवा बांबूच्या कामट्या घ्यायच्या, हातभर लांबीच्या दहा. लहान मुलं पेन्सिल न उचलता चांदणी काढतात ना, तशा पाच काड्यांची एक चांदणी बांधायची. अशा दोन. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं बांधून टाकायची. मग मधे जिथे काड्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी चार-चार बोटांच्या काड्या आडव्या बसवायच्या, म्हणजे चांदणीला पोट येतं. वरून पतंगाचा कागद. चिकटवायला मैद्याची शिजवलेली खळ. जुनी माणसं खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायची. ते विष आहे, घालू नका. आत मेणबत्ती किंवा पणती तर मुळीच नको, छोटा एलईडी दिवा लावा.

दिव्यांचं निघालंच आहे तर सांगते. पत्र्याच्या घराला विजेची माळ थेट पत्र्यावरून नेऊ नका. पत्र्याच्या कडेला वायर घासते, सोललं जातं, आणि सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. पहाटे ओल्या हाताने कुणी दार उघडायला गेलं की संपलं. वायर लाकडावरून न्या, झोपताना पिन काढा. कडबा, तुरे, कापूस हे सगळं वाळलेलं असतं, एका ठिणगीला पुरतं. म्हणून आगीचं काहीही त्यांच्या जवळ नको.

आता माझ्या सगळ्यांत आवडीचं, गव्हाणी. येशूबाळाला जन्मल्यावर गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. शहरातल्या लोकांना गव्हाणी म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगावं लागतं. आपल्या मुलांना रोज तिच्यात वैरण टाकावी लागते! सुमारे आठशे वर्षांपूर्वी, 1223 साली, इटलीतल्या ग्रेचो नावाच्या गावात संत फ्रान्सिस यांनी खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून हा देखावा मांडला. तेव्हा खऱ्या वैरणीची गव्हाणी ही काही गरिबाची तडजोड नाही. जुनी रीतच तशी आहे.

आमच्याकडे ती अशी असते. वाळलेल्या कडब्याच्या पेंढीचे तुकडे करून छप्पर. खाली बाजरीच्या सरमाडाचा भुगा. बैल म्हणून पोळ्याला कुंभाराकडून आणलेली मातीची जोडी, शेजारच्या काकू माझ्यासाठी जपून ठेवतात. मरिया, योसेफ आणि मेंढपाळ मुलांनी चिकणमातीचे केलेले, एकाचं नाक दरवर्षी पडतं. पुढे हिरवळ हवी म्हणून थाळीत माती पसरून गहू पेरायचे, नवरात्रात घटाला पेरतो तसे. पंधरा डिसेंबरच्या आसपास पेरले तर नाताळापर्यंत बोटभर पोपटी रोपं येतात. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या प्रोव्हान्स भागातही 4 डिसेंबरला बशीत असेच गहू पेरतात आणि ते नाताळच्या मेजावर आणि गव्हाणीपाशी ठेवतात. हे मला कळलं तेव्हा फार गंमत वाटली. कुठला प्रोव्हान्स आणि कुठला आपला घट!

आणि हे सगळं "आपलं" करून घेणं काही मी शोधून काढलेलं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच जिल्ह्यात, नगरला आणि राहुरीला राहिले. त्यांनी अभंग, भजन, कीर्तन यांतूनच ख्रिस्त गायला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तला धडा तुमच्यातल्या पुष्कळजणींनी शाळेत वाचला असेल. टाळ-चिपळ्या चालतात, मग कणसाचं तोरण का चालणार नाही?

रानातलं म्हणजे सगळं चांगलं, असं मात्र समजू नका. कण्हेर दिसायला सुंदर, पण जनावराला आणि माणसालाही विष. रुई, धोतरा, एरंड, घाणेरी यांपैकी काही दारात बांधू नका. ज्वारीचा कोवळा फुटवा किंवा पाण्यावाचून खुरटलेली हिरवी ज्वारीही नको, जनावराला किराळ लागते. वाळलेला कडबा चालतो. नाताळात लाल होतं ते बंगल्यांतलं पॉइन्सेटिया, त्याचं लाल फूल नसतं, पानंच असतात. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर आग होते, तेव्हा ते कुंडीतच राहू द्या, तोडू नका. आणि टाचण्या, स्टेपलरच्या पिना, तार यांतलं काहीच वापरायचं नाही. सगळं सुतळीने बांधायचं.

आमच्याकडे तीन राजांच्या सणाला, 6 जानेवारीला सजावट उतरते. सुतळी सोडवून पुढच्या वर्षासाठी डब्यात. कणसं कोंबड्यांना, लाह्या कोंबड्यांना. बोरं तोवर मुलांनीच संपवलेली असतात. गव्हाचं गवत शेळीला. कडबा तर गोठ्यातलाच, पुन्हा गोठ्यात. चांदणीच्या काड्या चुलीत. काटेरी फांदी कुंपणाला. संध्याकाळी अंगण झाडलं की सुपात काही उरत नाही.

पुन्हा गाय घेतली का, असं गटात कुणीतरी विचारतंच. घेतली, गेल्या वर्षी. तिची कालवड नाताळच्या आधीच दारातल्या तोरणाला तोंड लावते. दोन कणसं कमी झाली तर मी नवी बांधते.

एक राहिलं. उसाचे तुरे आणायचे असतील तर तोड येण्याआधी जा. टोळी आली की तुरे वाढ्यांबरोबर जातात, मग बांधावर नुसती पाचट उरते. मालकाला विचारून आणा, आणि तिथे जाताना पायात चप्पल घाला.