लोखंडी खवल्यांची गोगलगाय

पावसाळ्यांत परसांतील कुंड्यांवर चढणारी गोगलगाय सर्वांच्याच परिचयाची आहे. मऊ, ओलसर, बोट लागतांच शंखांत शिरणारी. तिच्याच कुळांतील एक प्राणी अंगावर लोखंडाचें चिलखत वागवितो, असें कोणीं सांगितलें तर श्रोत्यांस ती अद्भुत कथा वाटेल. परंतु हिंदी महासागराच्या तळाशीं, सुमारें अडीच किलोमीटर खोलीवर, असा प्राणी खरोखरीच नांदत आहे.

मॉरिशसच्या आग्नेयेस, दूर अंतरावर, समुद्रतळावरील तीन पर्वतरांगा एकमेकींस मिळतात. तेथें भूकवचास भेगा आहेत. भेगांतून आंत झिरपलेलें पाणी तप्त खडकांस भिडून ३०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापतें. वरील पाण्याच्या प्रचंड दाबामुळें तें उकळत मात्र नाहीं. धातूंचे क्षार घेऊन तें काळ्या धुराच्या लोटाप्रमाणें बाहेर पडतें. सन २००० मध्यें जपानी संशोधकांस असें एक स्थळ सांपडलें. त्याचें नांव कैरेई. पुढल्याच वर्षीं अमेरिकन मोहिमेस तेथें ही गोगलगाय आढळली.

तिचा शंख फार तर साडेचार सेंटिमीटरांचा. नवल आहे तें पायाचें. त्याच्या बाजूंस कौलांप्रमाणें एकावर एक रचलेले शेंकडों खवले असतात आणि त्यांवर लोह व गंधक यांच्या संयुगाचा थर असतो. त्यांतील एक खनिज चुंबकीय असल्यामुळें हे खवले लोहचुंबकाकडे ओढले जातात. शंखाच्या बाह्य थरांतही तेंच संयुग आहे. खाण्याची यातायात तिला जवळजवळ नाहींच. अन्ननलिकेशीं जोडलेल्या एका मोठ्या ग्रंथींत राहणारे सूक्ष्म जंतु तिचें पोषण करतात. या पाहुण्यांना प्राणवायु पुरवावा लागतो म्हणून कीं काय, तिचें हृदय शरीराच्या आकारमानाच्या सुमारें ४ टक्के इतकें मोठें आहे.

२००३ सालीं तिच्या खवल्यांचें वर्णन शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, आणि तिचें नांवही लोकांच्या तोंडीं बसलें. परंतु प्राणिशास्त्रांत नांव उच्चारल्यानें बारसें होत नाहीं; जातीचें रीतसर वर्णन व्हावें लागतें, नमुना संग्रहालयांत ठेवावा लागतो. तें होण्यास २०१५ साल उजाडलें. मध्यंतरीं एक पेंचही पडला होता. २००९ मध्यें कैरेईच्या उत्तरेस सुमारें ७०० किलोमीटरांवर, सॉलिटेअर नामक स्थळीं, तशीच गोगलगाय सांपडली. पण तिचे खवले पांढरे होते, लोहाचा थर त्यांवर नव्हता. पुढें नैर्ऋत्य पर्वतरांगेवर, कैरेईपासून दोन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या लोंगची येथें पुन्हां काळे खवले दिसले. पांढरी ती वेगळी जात म्हणावी काय? रंगावरून जात ठरविण्याचा मोह जुनाच आहे आणि त्यानें अनेकांस फसविलें आहे. येथें शरीररचना ताडून पाहण्यांत आली, आनुवंशिक द्रव्याचीही तुलना झाली. तिन्ही ठिकाणची जात एकच ठरली: क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम. सॉलिटेअरच्या पाण्यांतच लोह अल्प आहे, एवढाच रंगाचा खुलासा.

त्याच तपासणींतून दुसरी, अधिक चिंतेची गोष्ट उघड झाली. लोंगचीच्या गोगलगायींचें इतर दोन वस्त्यांशीं मिसळणें फारच थोडें आहे. एखादी वस्ती नष्ट झाली, तर दुसरीकडून ती पुन्हां भरून निघेल, हा भरंवसा उरत नाहीं.

नकाशावर हीं ठिकाणें रेघेनें जोडलीं तर प्रदेश अफाट दिसतो. पण मधला थंड तळ तिच्या उपयोगाचा नाहीं. २०१९ सालीं ज्ञात असलेल्या तिन्ही वस्त्यांचें प्रत्यक्ष क्षेत्र मिळून अवघें ०.०२ चौरस किलोमीटर भरलें, म्हणजे पांच एकर, एखाद्या शेताएवढें! नंतरच्या शोधांनीं नकाशांत आणखी ठिपके पडले आहेत, परंतु तेही ठिपकेच.

आणि याच ठिपक्यांभोंवतीं तांबें, जस्त व सोनें असलेले साठे जमतात. कैरेई जर्मनीच्या आणि लोंगची चीनच्या पूर्वेक्षण-परवान्याखालीं आले. सॉलिटेअर मॉरिशसच्या हद्दींत आहे. म्हणूनच २०१९ मध्यें आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें या जातीस संकटग्रस्तांच्या यादींत घातलें. समुद्रतळावरील खाणकामाच्या भयामुळें यादींत आलेली ही पहिलीच जात.

हा प्रश्न परदेशांचाच आहे, असें मात्र नव्हे. हिंदी महासागरांतील या पर्वतरांगांवर १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या पूर्वेक्षणाचा करार भारतानेंही २०१६ मध्यें केला, आणि त्या कामीं गोव्यांतील शासकीय संशोधनसंस्थेचे शास्त्रज्ञ गुंतले आहेत. पूर्वेक्षण करणारांवर तेथील जीवसृष्टीची नोंद ठेवण्याचेंही बंधन आहे. ती नोंद म्हणजे केवळ बाटलींतील मृत शंख नव्हे. अक्षांश, रेखांश, खोली, पाण्याचें तापमान, त्यांतील लोहाचें प्रमाण आणि खवल्यांचा रंग हें सारें त्याच वेळीं टिपावें लागतें. आंतरराष्ट्रीय सागरतळावर प्रत्यक्ष उत्खननाचा परवाना आजवर कोणासही मिळालेला नाहीं. त्याच्या नियमांचा खल जमेकांतील किंग्स्टन येथें चालू आहे.