उपाशी रोग्याची वाढती साखर

गंगाखेडकडील एखादा मधुमेही शेतकरी अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठीं परभणीस येतो. आदल्या रात्रीपासून त्याच्या पोटांत अन्नाचा कण नसतो. तरीही शस्त्रक्रियेनंतर रक्तांतील साखर २०० च्या पुढें गेलेली दिसते, आणि घरची मंडळी एकमेकांकडे संशयानें पाहूं लागतात: चहांत साखर कोणी घातली? बहुधा कोणीच घातलेली नसते. ती रोग्याच्या स्वतःच्या यकृतानें घातलेली असते.

साखर न खातांही शरीर साखर निर्माण करतें, हें फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यानें १८४८ सालीं प्राण्यांवरील प्रयोगांनीं दाखविलें. भूल दिलेल्या रोग्यास शस्त्रवैद्याची सुरी जाणवत नाहीं. शरीर मात्र घाव ओळखतें. त्याच्या लेखीं वाघाचा पंजा आणि ही सुरी सारखींच. मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथी ॲड्रेनॅलीन व कॉर्टिसॉल रक्तांत सोडतात. यकृत आपलें कोठार उघडतें, शिवाय स्नायूंतील प्रथिनें मोडून आलेल्या मालापासून नवी साखर घडवितें. त्याच वेळीं ॲड्रेनॅलीन इन्सुलिनचा स्राव दाबून धरतें. पुढें तो सुरू झाला तरी पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहींत. लहान शस्त्रक्रियेंत हा प्रकार लवकर आटोपतो. पोट उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस, कधीं दोन-तीन आठवडेही टिकतो.

निरोगी माणूस हें सोसतो. मधुमेह्याच्या पदरीं इन्सुलिन आधींच अपुरें. साखर चढली कीं जखम चिघळण्याचा संभव वाढतो.

येथेंच घरोघरीं एक चूक होते, आणि ती प्रेमापोटीं होते. "आज जेवण नाहीं, मग इंजेक्शन कशाला?" असें म्हणून सुई परस्पर बंद केली जाते. ज्यांच्या शरीरांत इन्सुलिन मुळींच तयार होत नाहीं, त्यांच्या, विशेषतः मुलांच्या, बाबतींत हें जिवावर बेततें. रक्तांत आम्लें सांचतात. उपासाच्या दिवशीं मात्रा बदलावी लागते हें खरें, पण किती, तें वैद्यानेंच ठरवावें.

दुसरें टोकही धोक्याचें. बेल्जममधील लूव्हेन येथें २००१ सालीं साखर ८० ते ११० च्या दरम्यान ठेवल्यानें अतिदक्षता विभागांतील मृत्यु घटल्याचें दिसलें. २००९ मध्यें सहा हजारांहून अधिक रोग्यांच्या पाहणींत तसल्याच कडक उपायानें ते वाढल्याचें आढळलें. म्हणून आतां अशा गंभीर रोग्यांत बहुधा १४० ते १८० हें प्रमाण धरतात.

कित्येकांचा मधुमेह तर शस्त्रक्रियेच्या निमित्तानेंच प्रथम उघडकीस येतो. वाढलेली साखर घावाची कीं जुन्या रोगाची, हें मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविणाऱ्या रक्ततपासणीनें कळतें. ती शस्त्रक्रियेपूर्वींच करून घेतलेली बरी.