बेगमपुऱ्याची गाडी
(वाराणसी येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



या वाराणसीहून जम्मूकडे एक गाडी सुटते, बेगमपुरा एक्सप्रेस. आम्ही कितीतरी वर्षे समजत होतो की हे कुठल्या तरी बेगमेचे गाव असेल. (हशा) तसे नाही. बे-गम, म्हणजे जिथे दुःख नाही ते शहर. इथल्याच संत रविदासांनी, ज्यांना आपण महाराष्ट्रात रोहिदास म्हणतो, त्या शहराचे पद रचले. तिथे कराचा जाच नाही, कोणी दुय्यम नाही, हिंडाफिरायला आडकाठी नाही. काशीत बसून जोडे शिवणाऱ्या माणसाने हे मागितले. आपल्या भाषेत ते मागणीपत्रच झाले.

रविदासांचे जन्मस्थान मानले जाणारे सीर गोवर्धनपूर इथून जवळच, हिंदू विद्यापीठाच्या पलीकडे आहे. माघी पौर्णिमेला पंजाबातून लोक लोटतात, जालंधरहून खास गाडी येते. २००९ साली त्यांच्या डेऱ्याचे संत रामानंद यांचा व्हिएन्नात खून झाला. त्यानंतर पंजाबातल्या तरुणांच्या गाण्यांना उधाण आले. त्यातलीच जालंधरची गिन्नी माही, १९९८ साली जन्मलेली. कॉलेजात एका मुलीने तिला जात विचारली. चांभार म्हटल्यावर ती म्हणाली, ते तर डेंजर असतात! गिन्नीने तोच शब्द उचलून 'डेंजर चमार' हे गाणे केले आणि शिवी होती ती पोरांनी मिरवायला घेतली.

तिकडे चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा रॉक बँड लोकांपुढे आला. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी ही मंडळी जमवली. झोपडपट्टीत, मयताच्या घरी गायले जाणारे 'गाना' त्यांनी गिटार आणि ड्रमवर आणले. विषय आरक्षणाचे, हाताने मैला उपसणाऱ्यांचे. आपल्या रुळांवरचा मैला वर्षानुवर्षे कोणी साफ केला, हे रेल्वेवाल्यांना सांगायला नको.

काही साथी म्हणतात, जातीची गाणी कामगारांत फूट पाडतात. अहो, फूट गाण्याच्या आधीची आहे. सफाईच्या ठेक्याचा हजेरीपट काढा आणि आडनावे वाचा.

आपल्याला हे नवे नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा आधी डफ आणि मग भाषण असा क्रम होता. आज आमच्या सभेत नुसते भाषण उरले आहे, तेही आमचेच. (हशा)

आता आमची चूक सांगतो. तीन वर्षांमागे ठेक्यावरच्या सफाई कामगारांची चार-पाच पोरे आमच्या शाखेत आली. स्वतःची गाणी बांधलेली, एक जुनी गिटार, एक हलगी. द्वारसभेत दहा मिनिटे मागत होती. आम्ही म्हटले, आवाज फार मोठा आहे, शब्द कडक आहेत, साहेब लोक बिथरतील. शिवाय तुम्ही आपले सभासद नाही. "बरं, काका," म्हणून पोरे गेली. पुढे ठेकेदाराने त्यातल्या दोघांना कामावरून कमी केले. ते आम्हाला पंधरा दिवसांनी, चहाच्या टपरीवर कळले. पगारातून होणारी कापाकापी, कोऱ्या कागदावरच्या सह्या, सगळे त्यांच्या गाण्यात होते म्हणे. आम्ही ते ऐकलेच नव्हते. दोघांपैकी एक आज भाड्याची रिक्षा चालवतो. दुसऱ्याचा पत्ता अजून लागलेला नाही.

ग्रामीण डाक सेवकांच्या घरची पोरे काय ऐकतात, हे टपालातल्या साथींनीही जरा विचारून पाहावे.

आमच्या शाखेच्या येत्या वार्षिक सभेत पहिला अर्धा तास आम्ही त्या पोरांना दिला आहे. रिक्षावाला येतो म्हणालाय, दुसऱ्याच्या गावी निरोप धाडला आहे. शब्द तपासायचे नाहीत असे ठरले आहे. लाउडस्पीकरचे भाडे शाखेच्या खात्यातून जाईल. आमचे खजिनदार इथे समोरच बसले आहेत, त्यांनी अजून मान हलवलेली नाही. (हशा)