टाळ वाजत राहतो तिकडे



गेममधल्या संगीताबद्दल बोलायला आपण आळंदीत जमलो आहोत.

माउलींच्या पालखीच्या तळावरची संध्याकाळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल, तर ती मात्र टाळ वाजवतच राहते. एवढ्या गर्दीत अडचण कोणाची, हे विचारत फिरावं लागत नाही. टाळ वाजतोय तिकडे चोपदार जातात.

आवाजाच्या मागे जाण्याची हीच रीत १९९८ साली निन्टेन्डोच्या 'ऑकारिना ऑफ टाइम' या गेममधल्या एका जंगलात होती. सगळ्या वाटा सारख्याच दिसणाऱ्या. वाट दाखवणारा बाण नाही. बोगद्याच्या तोंडाशी थांबून कान द्यायचा. ज्या वाटेने कोजी कोंडो यांची ती नाचरी धून मोठी ऐकू येते, ती वाट बरोबर. चुकीच्या वाटेला धून विरत जाते. खेळणारी पोरं श्वास रोखून ऐकायची. माझ्या मते आपल्या कलेतला हा सर्वांत स्वच्छ धडा आहे, कारण तिथे संगीत काढून घेतलं तर वाटच उरत नाही.

त्याच्या वीस वर्षं आधी, १९७८ साली, 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये फक्त चार सूर होते. शत्रू जवळ येईल तशी त्यांची लय वाढायची आणि खेळणाऱ्याचा हात आपोआप घाई करायचा. मृदंगाची लय चढली की पावली खेळणाऱ्या वारकऱ्यांचे पाय बदलतात, तसंच हे. पुढे १९९१ साली मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी 'मंकी आयलंड २'साठी आयम्यूज ही प्रणाली वापरली. पात्र एका दारातून आत गेलं की धून न तुटता वाद्य बदलायचं. बाहेर आलं की मूळ धून परत. आज आपण लेयर आणि ट्रान्झिशनची जी साधनं सहज वापरतो, त्यांचा पाया तिथे आहे.

माझी एक चूक सांगतो. एका गेममध्ये शेवटचा शत्रू पडल्यावरही मी लढाईचा ठेका चार मात्रा जास्त चालू ठेवला. कानाला तो गोड वाटत होता. चाचणीच्या वेळी एक मुलगा रिकाम्या खोलीत ढाल धरून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याचा माझ्या संगीतावर विश्वास होता आणि मी त्याला खोटं सांगितलं होतं. तेव्हापासून प्रत्येक लूपला मी एकच प्रश्न विचारतो: तू काय सांगतोस? उत्तर नसेल तर तो काढून टाकतो. शांततासुद्धा खूण असते, हे चोपदारांनी आपल्याला दाखवलं आहे. सतत वाजणाऱ्या गेममध्ये ती खूण हरवते.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा गेम जगापुढे आणला, तेव्हा आपल्या सगळ्यांची मान ताठ झाली. त्याला संगीत दिलं लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने, भारतीय वाद्यांचा मनापासून अभ्यास करून. परका माणूस इतकी मेहनत घेतो, आणि आपण? जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था याच गावात आहे. लय कुठे धरायची आणि कुठे सोडायची, हे इथली मुलं कोवळ्या वयात मृदंगावर शिकतात. याच गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या दोन ठिकाणची मुलं एका टेबलाशी बसलेली मला पाहायची आहेत.

आणि याच गावात अंध मुलींची शाळाही आहे. ज्याला दिसतं त्याच्यासाठी संगीत ही सोबत. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तीच वाट. २०२० सालच्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये ध्वनीच्या खुणांवर अंध खेळाडूंना पूर्ण गेम खेळता आला. म्हणजे हे जमतं. मराठी मुलांसाठी ते आपणच करायला हवं.

म्हणून अध्यक्ष या नात्याने माझी एकच विनंती आहे. इथून परत गेल्यावर आपल्या चालू गेमचा एक टप्पा पडदा बंद करून खेळून पाहा. कुठे अडलात ते लिहून ठेवा, आणि कामाला तिथूनच सुरुवात करा.