नेत्रदाबाची तपासणी : काळाची गरज असलेले औषधदान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानातील भाषण)



आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चतुर्विध दानांना श्रावकधर्मात मोठे स्थान आहे. औषधदान म्हटले की आपल्याला नेत्रशिबिर आठवते आणि नेत्रशिबिर म्हटले की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. ते पुण्यकार्यच आहे. परंतु मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून आज या रोगाविषयी चार शब्द निवेदन करीत आहे.

डोळ्याच्या आत एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि सूक्ष्म जाळीतून बाहेर झिरपतो. हा निचरा मंदावला की आतील दाब वाढतो आणि मेंदूकडे दृश्य नेणारी नस हळूहळू क्षीण होते. बहुतेक रुग्णांना वेदना होत नाहीत, डोळा लाल होत नाही. प्रथम कडेची दृष्टी जाते. समोरचे अक्षर मात्र स्पष्ट दिसत राहते. ईर्यासमितीत चार हात भूमी पाहून चालावयास सांगितले आहे. या रुग्णाला ग्रंथ वाचता येतो, पण पायाजवळचा जीव दिसेलच असे नाही.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ग्रामीण तामिळनाडूत केलेली पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत आढळलेल्या नेहमीच्या प्रकारच्या काचबिंदूच्या दर दहा रुग्णांपैकी नऊ जणांचे निदान त्यापूर्वी झालेलेच नव्हते.

नेत्रदाब मोजणे सोपे आहे. काही यंत्रे हवेचा हलका झोत सोडतात. गोल्डमन यंत्रात बधिरतेचा थेंब घालून बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला अलगद स्पर्श करतात. साधारणतः १० ते २१ मिलिमीटर पारा हा दाब सामान्य समजला जातो. मात्र हा आकडा ऐकून निश्चिंत होऊ नये. दाब दिवसभरात बदलतो. पडदा पातळ असल्यास तो प्रत्यक्षाहून कमी भरतो. शिवाय सामान्य दाब असतानाही काचबिंदू होतो. म्हणून दाबाबरोबर नसेची तपासणी अनिवार्य आहे आणि शंका आल्यास दृष्टिक्षेत्राचीही.

आणखी एक विनंती. उपवासाच्या दिवसांत काहीजण डोळ्यांचे थेंब बंद ठेवतात. दाब मात्र त्या दिवशीही आपले काम करीतच असतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. औषध घशात फारसे उतरत नाही आणि डोळ्यात अधिक टिकते. व्रतासंबंधीची शंका महाराजांना व डॉक्टरांना आधीच विचारावी. औषध परस्पर थांबवू नये.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी. ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना काचबिंदू आहे, ज्यांना मधुमेह आहे, मोठ्या उणे क्रमांकाचा चष्मा आहे किंवा जे दीर्घकाळ स्टिरॉइड घेतात, त्यांनी विलंब करू नये. ‘दाब किती?’ आणि ‘नस कशी आहे?’ हे दोन्ही प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावेत.

ट्रस्टच्या यापुढील प्रत्येक नेत्रशिबिरात मोतीबिंदूबरोबरच नेत्रदाब आणि नस यांची तपासणी व्हावी आणि संशयित रुग्णांचा पुढील पाठपुरावा ट्रस्टने करावा, अशी नम्र सूचना मांडतो. असलेली दृष्टी राखणे हेही श्रेष्ठ औषधदानच होय.

जय जिनेंद्र!