घर सोडलेली मुले आणि पोटगी



सोळा-सतराव्या वर्षी मुले शिकवणीसाठी कोट्याला जातात, काही भांडूनही जातात. ‘घर सोडलेस, आता तुझे तू पाहा,’ असे एखादा पिता रागाने म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ याप्रमाणे अपत्य अज्ञान असेतो त्याच्या निर्वाहाचा भार मातेवर आणि पित्यावर, दोघांवरही आहे. ते कोणत्या छपराखाली राहते, हा प्रश्न गौण. आपण ‘पोटगी’ म्हणतो आणि पोटापुरता विचार करतो. अधिनियमाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवाऱ्याबरोबर शिक्षण आणि औषधोपचारही आहेत.

अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबिबीच्या खटल्यात ठरविले. म्हणून घरमालक वडिलांची सही मागतो.

खरी अडचण पुढे आहे. अठरा वर्षे पूर्ण होताच या अधिनियमाखालील मुलाचा हक्क संपतो. अविवाहित मुलीचा मात्र, तिला स्वतःचा निर्वाह करणे शक्य नसेल तर, विवाहापर्यंत टिकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अभिलाषा खटल्यात हे स्पष्ट केले. मुलाचा अठरावा वाढदिवस बहुधा बारावीच्या सुमारास येतो. शिक्षणाचा मोठा खर्च पुढेच असतो आणि तो ‘सज्ञान’ झालेला असतो! ही रेषा मला अपुरी वाटते. नांदत्या घरात ती कोणाला दिसत नाही. आईबाप विभक्त असतील आणि पित्याने वाढदिवसानंतर पैसे थांबविले, तर मुलापाशी या अधिनियमाचा आधार उरत नाही. महाविद्यालयाचे शुल्क आईलाच उभे करावे लागते.